कापीना झालंय, पण नेमकं कुठं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी भिशीच्या पैशातून त्यांनी ४० वॅटचं जुनं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) लेसर मशीन घेतलं. शाळा सुटल्यावर कौलारू घराच्या पडवीत बसून त्या दारावरच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, गणपतीच्या मखराच्या कमानी कापतात. आधी ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) १२ मिलिॲम्पिअर करंटवर, सेकंदाला ८ मिलिमीटर वेगानं, एका फेरीत सुटायचा. गेल्या दोन महिन्यांपासून "कापीना झालंय". तीन फेऱ्या माराव्या लागतात, कडा काळ्याकुट्ट होतात, उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यात तर तुकडा सुटतच नाही. करंट २० वर नेला तरी तेच. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते फोनवर म्हणाले, ट्यूब (किरण जिथं तयार होतो ती वायू भरलेली काचेची नळी) संपली. दीर म्हणतात, ट्यूबवर खर्च कशाला, कर्ज काढून ८० वॅटचं घ्या. मिस्टर म्हणतात, आत हात घालू नकोस, विकून टाक. इकडं ४० कमानींची आगाऊ रक्कम घेऊन झालीय. "काका, ट्यूब घालू, मोठं मशीन घेऊ की नाद सोडू?"

ताई, तुम्ही तीन वाटा दिल्यात आणि त्यातली एक निवडून द्या म्हणताय. पण तिन्ही वाटा एकाच समजुतीतून फुटल्यात: मशीनची ताकद गेली. गेली असेलही. पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, आणि नुसत्या फोनवरून ते कुणाला कळलं असेल असंही वाटत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवतात तिथं) माझी तीस वर्षं गेली. एखादं पोरगं "मशीन माल बरोबर काढीना झालंय" म्हणत आलं की आमचे मिस्त्री मशीनकडं बघायचेच नाहीत, पोराकडं बघायचे. "शेवटचा बरोबर माल कधी निघाला? मग काय बदललंस?" पोरगं म्हणणार, काही नाही. चहा येईपर्यंत चार गोष्टी बाहेर पडायच्या. तुमचं पत्र मी तसंच दोनदा वाचलं. पहिल्या पानावर ट्यूब, कर्ज, दीर, मिस्टर. दुसऱ्या पानावर, जाता जाता, हे: मे महिन्यात दिरांनी हौसेनं मशीनमध्ये मधाच्या पोळ्यासारखी नवी जाळी बसवून दिली. एमडीएफ पावसात फुगतो म्हणून दुकानदारानं यंदा "वॉटरप्रूफ" बोर्ड दिला. उन्हाळ्यात कुणीतरी सांगितल्यापासून ट्यूब थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बादलीत बर्फाची बाटली सोडता. आणि मध्ये एकदा लेन्स काढून पुसलीत.

चार गोष्टी बदलल्या, आणि नाव आलं ट्यूबवर!

आज एकच करा, करंट खाली आणा. ४० वॅटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या या ७०० मिलिमीटर लांबीच्या ट्यूबा प्रत्यक्षात तीस-पस्तीस वॅटच्याच असतात. पंधरा-सोळा मिलिॲम्पिअरच्या पुढं रोज चालवल्या तर कापायची ताकद फारशी वाढत नाही, आयुष्य मात्र भराभर सरतं. ट्यूब आज धडधाकट असेल तर २० वर चालवून तुम्हीच तिला संपवाल, मग फोनवरचं निदान आपोआप खरं ठरेल.

तुम्ही पाठवलेला पाटीचा फोटो पत्रापेक्षा जास्त बोलतो. वर मराठीत आडनाव, खाली कन्नडमध्ये. मराठी अक्षरांची लांब सरळ शिरोरेषा मागच्या बाजूनं सुटलेलीच नाही, आणि कन्नड अक्षरांच्या गोल वळणांचा कोळसा झालाय. सरळ रेघेवर मशीनचं डोकं (लेन्स घेऊन फिरणारा भाग) पूर्ण वेगानं धावतं, वळणावर सावकाश होतं, आणि या स्वस्त मशीनच्या कंट्रोलरला वळणावर करंट कमी करायची अक्कल नसते. म्हणजे वळणावर उष्णता ढीगभर पोचतेय. ती लाकूड जाळतेय, पण बारीक रेघ धरून आत घुसत नाही. विळीची धार गेली की आपण जोर लावतो, आणि टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेंगरतो. तसलं हे काम दिसतंय. जोर आहे, धार नाही.

म्हणून माझा पहिला संशय जाळीवर. तुमच्या मशीनची मूळ लेन्स बहुतेक ५०.८ मिलिमीटरची, म्हणजे दोन इंची असणार. किरण तिच्यापासून तेवढ्याच अंतरावर सगळ्यात बारीक होतो, वर-खाली झाला की पसरतो. ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे तीच शक्ती चौपट जागेत वाटली गेली. पोळ्यासारख्या जाळ्या साधारण २० ते २२ मिलिमीटर जाड असतात. दिरांनी जुना पत्रा काढून त्याच बोल्टांवर जाळी ठेवली असेल तर बोर्ड किती वर आला असेल ते पट्टीनं मोजा. पाच-सहा मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरे होतो.

मोजायला लेन्स दिसत नाही, ती डोक्याच्या नळकांड्यात असते. म्हणून जुनी युक्ती. जाळी काढा. टाकाऊ एमडीएफची वीतभर लांब पट्टी घ्या, एक टोक खाली, दुसरं टोक दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर, म्हणजे पट्टी तिरपी राहील. डोकं वरच्या टोकाला अडत नाही ना ते हातानं सरकवून बघा. मग कमी करंटवर, वेगानं, पट्टीच्या लांबीभर एकच रेघ मारा. रेघ एका टोकाला जाड निघेल, मध्ये केसासारखी बारीक होईल, पुढं परत जाड. बारीक जागेवर पेन्सिलनं खूण करा आणि डोकं तिथं आणून नळकांड्याच्या टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. हा आकडा तुमच्या मशीनचा. त्या उंचीचा अॅक्रिलिकचा एक तुकडा कापून दोरीनं मशीनला बांधून ठेवा, दर वेळी तोच खाली धरून उंची लावायची. कोरायचं असेल तर बरोबर तेवढं अंतर. ३ मिलिमीटर कापायचं असेल तर बोर्ड दीड मिलिमीटर वर घ्या, म्हणजे किरणाची कंबर, त्याची सगळ्यात बारीक जागा, जाडीच्या मधोमध येते.

आता लेन्स. पुसलीत ते बरं केलंत, पण परत बसवताना कुठली बाजू वर गेली? फुगीर बाजू वर, सपाट बाजू कामाकडं. उलटी बसली तरी मशीन चालतं, कापल्यासारखं करतं, म्हणून तर कळत नाही. मी स्वतः एकदा उलटी बसवून दोन दिवस प्लायवाल्याला शिव्या घातल्यात. ओळखायचं असं: कडेनं धरून खिडकीचं प्रतिबिंब बघा. सपाट बाजूत खिडकी आरशातल्यासारखी दिसते, फुगीर बाजूत लहान आणि वाकडी. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापूस, थेंब टाकून हलकं ओढायचं, घासायचं नाही. पदराच्या टोकानं तर नाहीच. लेन्सला तडा किंवा न निघणारा पिवळा-तपकिरी डाग असेल तर ती बदला. झिंक सेलेनाइडची असते, फुटली तर तुकडे उघड्या हातानं उचलू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. नवी लेन्स ट्यूबच्या मानानं खूपच स्वस्त पडते.

लेन्सच्या आधी तीन आरसे लागतात. समजा धुराच्या काजळीनं प्रत्येक आरशानं आणि लेन्सनं दहा-दहा टक्के खाल्ले. शंभराचे नव्वद, नव्वदचे एक्याऐंशी, मग त्र्याहत्तर, मग सहासष्ट. ट्यूबला काही झालेलं नाही आणि तिसरा हिस्सा वाटेतच गेला. फिशटँकचा पंप हवा सोडतो म्हणालात. त्याची नळी कुठं दुमडली नाही ना तेवढं बघा. हवेचा झोत नसेल तर धूर तिथंच घुटमळतो, किरण धुरातच खर्ची पडतो आणि काजळी वर लेन्सला जाऊन चिकटते. कडा काळ्या होण्याचं अर्धं कारण तिथं असतं.

उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ट्यूबची नक्कीच नाही. या मशीनमध्ये ट्यूब मागं आडवी, पहिला आरसा मागच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे उजवा-पुढचा कोपरा किरणाला सगळ्यात लांबचा. ट्यूब दमली असती तर चारही कोपऱ्यांत सारखीच दमली असती. लांबच्याच कोपऱ्यात कमी पडतंय म्हणजे आरशांचा कोन हलला, किरण वाटेत तिरका होऊन लेन्सच्या कडेला लागतोय किंवा नळकांड्याला घासतोय. जाळी बसवताना धक्का लागला असेल. तपासायला दुसऱ्या आरशाच्या पुढं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पट्टा (डोकं जिच्यावर सरकतं ती आडवी दांडी) मागं नेऊन झाकण बंद करा आणि कमी करंटवर टेस्टचं बटण क्षणभर दाबा. मग पट्टा पुढं आणून त्याच टेपवर परत. दोन डाग एकावर एक पडले तर ठीक. सरकले तर प्लग काढून पहिल्या आरशाचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून परत बघायचं (आरसा ट्यूबच्या कप्प्यात असेल तर हे जाणत्या माणसाकडूनच). ते जमलं की तसंच डोक्यावरच्या आरशासाठी, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. सरकलं तर या वेळी दुसऱ्या आरशाचे स्क्रू. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाईल. कोपऱ्यात बोर्डच वाकलेला नाही ना, जाळी एका बाजूला झुकलेली नाही ना, हे आधी बघा, कदाचित संध्याकाळ वाचेल.

बर्फाच्या बाटलीबद्दल थोडं सविस्तर, कारण हे आपल्या भागातल्या सगळ्यांना लागू आहे. एप्रिल-मेमध्ये बादलीतलं पाणी तिशीच्या वर जातं, गरम ट्यूब कमी प्रकाश देते. तेव्हा बाटली बरोबर. पण घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडून पाऊस सुरू झाला की तुमच्या पडवीत हवा २४ अंश आणि ओल नव्वद टक्के. अशा हवेत २२ अंशांच्या खाली गेलेल्या काचेला घाम फुटतो, स्टीलच्या तांब्यात थंड पाणी ठेवल्यावर बाहेरून फुटतो तसाच. तो घाम ट्यूबच्या तोंडाशी धरला की किरण तिथंच अडतो, आणि हजारो व्होल्टच्या टोकाजवळ धरला तर ठिणगी उडते. उन्हाळ्याचं औषध पावसात चालू ठेवलंत, एवढंच झालंय. बाटली काढा. बादलीत साधा थर्मामीटर टाका आणि पाणी खोलीच्या हवेपेक्षा अंश-दीड अंशानंच खाली राहू द्या. पाणी पंचवीस-सव्वीसच्या पुढं गेलं तर अर्धा तास थांबा. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही बदला: त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो, आणि क्षारांचं पाणी वीज वाहून नेतं. गॅरेजवर बॅटरीचं पाणी म्हणून पाच लिटरचा कॅन मिळतो, ते चालतं. बॅटरीचं पाणीच म्हणून मागा, ॲसिड नव्हे. भरल्यावर ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकला नाही ना ते डोळ्यानं बघा.

बोर्डाचं सांगतो, खरं तर हीच तपासणी सगळ्यात आधी करायची. घरात कुठंतरी गेल्या वर्षीच्या बोर्डाचा तुकडा असेल. नसेल तर जुन्या कमानीची मोडकी कड शोधा. तो कपाटात किंवा उन्हात दोन दिवस वाळवा आणि जुन्याच आकड्यांवर, १२ आणि ८ वर, कापा. सुटला तर मशीनला सोडा, दुकानदाराकडं बघा. "वॉटरप्रूफ" म्हणून एचडीएचएमआर देतात, तो एमडीएफपेक्षा घट्ट आणि जड. त्याला हळूच जावं लागतं. प्लायवूडचं तेच. साध्या एमआर ग्रेडचा डिंक लेसरला सुटतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय उकळत्या पाण्यालाही टिकावा म्हणून केलेला, तो किरणालाही टिकतो. शिवाय ३ मिलिमीटर म्हणून आलेला बोर्ड व्हर्नियरनं मोजून बघा, आणि पावसात ओल धरलेल्या बोर्डात किरणाची बरीच शक्ती आधी पाणी उडवण्यात जाते हे ध्यानात ठेवा. बोर्ड पडवीत भिंतीला टेकून ठेवता का? घरात आडवे ठेवा. आणि वॉटरप्रूफच्या नावाखाली पांढरा पीव्हीसी फोमचा बोर्ड कुणी गळ्यात मारला तर तो मशीनमध्ये अजिबात घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, ओलीत त्याचं ॲसिड होतं, ते फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातं.

हे सगळं करूनही जुना बोर्ड, स्वच्छ आरसे, बरोबर उंची, २४ अंशांचं पाणी आणि तरी मधोमधसुद्धा १२ वर सुटत नसेल, मग ट्यूबकडं या. मीटरवर करंट पूर्वीइतकाच दिसतोय, पण आतला गुलाबी-जांभळा रंग जाऊन फिका पांढरट दिसतोय, तर वायू सरत आलाय. या ट्यूबा न वापरताही हळूहळू म्हाताऱ्या होतात, म्हणून ट्यूबवर तारखेचा कागद असेल तर वाचा. मीटरच पूर्वीइतका चढत नसेल तर संशय पॉवर सप्लायवर किंवा घरच्या विजेवर. संध्याकाळी शेजारची मोटार सुरू झाली की तुमचा दिवा मंद होतो का?

मिस्टरांचं म्हणणं मी अर्धं मानतो. मागचा आणि उजवीकडचा कप्पा, जिथं ट्यूब आणि पॉवर सप्लाय आहे, तिथं १५-२० हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. तिथं खरंच हात घालायचा नाही, ट्यूब बदलायचीच झाली तर जाणता माणूस बोलवा, आणि आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. पण लेन्स, आरसे, उंची, हवा, पाणी हा पुढचा भाग तुमचा आहे. प्लग काढून ठेवायचा आणि करायचं. झाकण उघडून बघत बसते असंही लिहिलंत, ते आजपासून बंद. लाल ठिपका दिसतो तो नुसता दिशा दाखवणारा. खरा किरण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्याला दिसतच नाही आणि बुबुळ भाजतो. मशीन चालू असताना चहा टाकायला आत जायचं नाही, एमडीएफ पेटतो. (वर्गात सांगायला एक गोष्ट: हा सीओटू लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ज्यांनी केला ते चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले.)

८० वॅटचं काय? तुम्ही ३ मिलिमीटर कापता. त्याला ४० पुरतं, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत पुरलंय की. ८० ची ट्यूब जवळजवळ दुप्पट लांब, तिला बादली पुरत नाही, पाणी थंड करणारा चिलर लागतो, पडवी पुरेल का तेही बघा. आठ-दहा मिलिमीटरच्या अॅक्रिलिकची कामं हातात असतील, कबूल झालेली, तर हिशोब मांडा. नाहीतर उंची चुकलेली तशीच ठेवून मोठं मशीन घेतलं तर तेही बोथटच कापणार, फक्त हप्त्यानं. आणि एक विचारू का? छंद म्हणता, पण ४० जणांची आगाऊ रक्कम घेतलीत. तुमची धास्ती मशीनची कमी आणि या ४० जणांची जास्त आहे असं मला वाटतं. त्यावरचा उपाय मशीनमध्ये नाही. बेळगावात लेसरचं जॉबवर्क करून देणारे आहेत. कमानींच्या बाहेरच्या कडा त्यांच्याकडून कापून घ्या, नावं आणि नक्षी तुम्ही घरी कोरा, कोरायला हे मशीन आजही पुरेसं आहे. नफा घटेल, शब्द राहील. आणि बेळगावला जाताना बोर्ड तुमचाच न्या. त्यांच्या मशीनवरही तो अडला तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

निळ्या डायोडचं लेसर मशीन (ट्यूब नसलेलं, निळ्या प्रकाशाचं) असलेल्यांनी बर्फ, आरसे आणि ट्यूब सोडून बाकी सगळं स्वतःला लावून बघावं. फक्त पारदर्शक अॅक्रिलिक त्यांच्याकडून कापलं जात नाही म्हणून लेन्स घासत बसू नये. निळा प्रकाश त्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो, तिथं मशीनचा दोष नाही.

एका संध्याकाळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: तारीख, बोर्ड, करंट, वेग, पाण्याचं तापमान, सुटला की नाही. सगळं एकदम केलंत आणि कापायला लागलं तर कशामुळं लागलं ते पुढच्या जूनमध्ये परत मलाच विचाराल. सुरुवात जुन्या बोर्डाच्या तुकड्यानं, मग जाळी. जाळीचे ते बोल्ट दिरांनाच काढायला लावा. बसवलेत त्यांनी, आणि कर्जाचा सल्लाही त्यांचाच आहे. पट्टीवरची रेघ मध्ये बारीक होताना त्यांनीही बघू दे.